सव्वा किलोची चकती : विद्यापीठातील तीन व्यायामशाळांचा साडेचार वर्षांचा अनुभव

मागच्या आठवड्यात मी 32.5 किलोचा ओव्हरहेड प्रेस (खांद्यापासून बार डोक्यावर ढकलणे) पाच वेळा नीट पूर्ण केला. त्याआधी सलग चार महिने मी 30 किलोवर अडकून पडले होते आणि त्याचे कारण माझ्या खांद्यात किंवा आहारात नव्हते, तर बारला लावायच्या, बशीएवढ्या आकाराच्या एका लोखंडी चकतीत होते. जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना वजन उचलण्याची आवड आहे, ते दरवर्षी विचारतात की कुठली व्यायामशाळा चांगली. त्यांच्यासाठी, आणि विशेषतः विद्यार्थिनींसाठी, हे सविस्तर लिहीत आहे. बी.एस्सी.ची तीन वर्षे मी संलग्न महाविद्यालयाच्या जुन्या व्यायामशाळेत काढली, पॉवरलिफ्टिंग संघाच्या सराव शिबिरानिमित्त सहा आठवडे एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नव्या जिममध्ये होते आणि गेले दीड वर्ष विद्यापीठाच्या मुख्य व्यायामशाळेत जात आहे. संस्थांची नावे देत नाही, कारण मला कोणाची तक्रार वरपर्यंत न्यायची नाही, आणि जे सांगणार आहे ते बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने सापडेल.

जुन्या महाविद्यालयाची व्यायामशाळा म्हणजे शहाबादी फरशीची एक लांबट खोली, कोपऱ्यात हनुमानाची तसबीर आणि डेडलिफ्टसाठी (जमिनीवरून बार उचलून उभे राहणे) जमिनीवर टाकलेला कन्व्हेयर बेल्टचा जाड तुकडा. स्क्वॉटचा (खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठणे) स्टँड गावातल्या वर्कशॉपमधून अँगल जोडून बनवून घेतलेला होता. चकत्यांवर रंगाचे इतके थर चढले होते की आकडे बोटाने चाचपून वाचावे लागत. मुलींसाठी दुपारी चार ते पाच हा एकच तास होता आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी तोही हातचा जाई. तिथे असताना मला ही व्यायामशाळा अगदीच गरीब वाटायची. पण तिथे एक गोष्ट होती, जिची किंमत मला पुढे दोन वर्षांनी कळली. खिडकीच्या चौकटीवर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात सव्वा किलोच्या सहा चकत्या असत आणि कोणीही त्या घेऊन पुन्हा तिथेच ठेवत असे.

अभियांत्रिकी महाविद्यालयाची जिम पाहून मात्र पहिले पंधरा दिवस मी हरखून गेले होते. वातानुकूलन, भिंतभर आरसे, ओळीने ट्रेडमिल, रबराचे आवरण असलेल्या नव्याकोऱ्या चकत्या. घरी फोनवर मी सांगितले होते की अशी सोय आपल्या जिल्ह्यात दुसरीकडे नसेल. ते मत मला सहा आठवड्यांतच बदलावे लागले. स्क्वॉटसाठी तिथे मोकळा रॅक (बार टेकवायचा सांगाडा) नव्हता, फक्त स्मिथ मशीन होते, ज्यात बार रुळावरून सरळ वरखाली होतो, त्यामुळे तोल सांभाळण्याचे काम शरीराला करावेच लागत नाही. शिवाय त्या बारचे वजन प्रत्येक बनावटीत वेगळे असते, त्यामुळे सरावाच्या वहीत आकडा काय लिहायचा हाच प्रश्न पडतो. चकचकीत फरशी खराब होईल म्हणून हाताला खडूची पूड लावायला मनाई होती आणि त्याच कारणाने डेडलिफ्टही बंद होती. पॉवरलिफ्टिंगच्या संघाचे शिबिर अशा जिममध्ये घेणे, जिथे स्पर्धेच्या तीनपैकी (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट) दोन प्रकारांचा धड सराव करता येत नाही, ही गोष्ट मला आजही खटकते. यंत्रे पाहुण्यांना दाखवायला चांगली दिसतात आणि खरेदी करताना त्यांचाच विचार आधी होतो, असे माझे मत झाले आहे.

त्या मानाने विद्यापीठाची मुख्य व्यायामशाळा वजन उचलणाऱ्याच्या गरजा जाणून उभारलेली आहे. बार पेलला नाही तर तो झेलणाऱ्या आडव्या सुरक्षा-दांड्यांचा पक्का पॉवर रॅक आहे, 20 किलोचे दोन ऑलिंपिक बार आहेत आणि 25 मिलिमीटर जाडीचा, लहान हाताच्या पकडीत नीट बसणारा 15 किलोचा महिलांचा बारही आहे. एकट्याने स्क्वॉट करताना त्या सुरक्षा-दांड्या असणे ही जीव वाचवणारी गोष्ट आहे आणि खरे पाहता या अनुभवात सर्वांत जास्त जागा तिला मिळायला हवी. मुलींसाठी सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन वेळा आहेत. एवढे सगळे असताना मी चार महिने या व्यायामशाळेवर नाराज राहिले, कारण तिथली सर्वांत लहान चकती अडीच किलोची होती.

ही तक्रार क्षुल्लक वाटत असेल तर हिशेब करून पाहावा. बारच्या दोन्ही बाजूंना सारखेच वजन लावावे लागते, म्हणून अडीच किलोच्या चकत्या लावल्या की एकूण वाढ पाच किलोंची होते. 20 किलोचा बार घ्या की 15 किलोचा, उचलता येणारे वजन पाचाच्या पटीतच राहते. 80 किलोचा स्क्वॉट करणाऱ्याला 85 वर जाणे म्हणजे सव्वासहा टक्क्यांची वाढ, जी काही आठवड्यांत जमू शकते. पण 30 किलोच्या प्रेसवरून 35 वर जाणे म्हणजे जवळपास 17 टक्क्यांची उडी आहे, आणि खांद्याच्या लहान स्नायूंकडून अशी उडी एका झटक्यात होत नाही. म्हणजे अडचण सर्वांत जास्त कोणाला होते, तर नव्याने सुरुवात करणाऱ्यांना, सडपातळ मुलांना आणि बहुतेक सगळ्या मुलींना. 100 किलोचा बेंच प्रेस (बाकावर उताणे झोपून बार छातीवरून वर ढकलणे) मारणाऱ्या मुलांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता, कारण त्यांच्या वजनाच्या प्रमाणात तो प्रश्न अस्तित्वातच नाही. मी त्यावर पुनरावृत्ती वाढवण्याचा उपाय केला, पाचाच्या आठ, आठाच्या दहा. दहा जमल्यावर 35 लावून पाहिले तर बार कपाळापर्यंत येऊन थांबला.

पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत वजन वाढवण्याची नेहमीची पायरी 2.5 किलोची असते, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो. ज्या व्यायामशाळेतून विद्यार्थी आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात, तिथे स्पर्धेची ही नेहमीची पायरी सरावाला मिळू नये, हे मला पटत नाही. वेटलिफ्टिंगमध्ये, म्हणजे बार डोक्यावर नेण्याच्या खेळात, तर ही पायरी एका किलोची आहे. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलले आणि सुवर्णपदक 249 किलो उचलणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूला गेले. क्लीन अँड जर्कच्या (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर नेणे) दुसऱ्या प्रयत्नात संकेतच्या कोपराला दुखापत झाली होती, हे खरे, पण निकालाच्या कागदावर अंतर एका किलोचेच राहिले. मी काही त्या पातळीची खेळाडू नाही, तरी एक किलो म्हणजे किती हे मला तेव्हापासून वेगळ्या तऱ्हेने दिसू लागले.

क्रीडा विभागाकडे मी दोन अर्ज केले. पहिल्यावर काहीच उत्तर आले नाही आणि दुसऱ्यावर सांगण्यात आले की पुढच्या खरेदीत विचार करू. बाजारात सव्वा किलोच्या जोडीचा भाव विचारला तर 360 रुपये निघाला. क्रीडा शुल्क भरल्यानंतर तीच वस्तू पुन्हा स्वतःच्या खिशातून का घ्यायची, असा मी हट्ट धरला आणि पैसे वाचवले. आज मला वाटते की तो निर्णय चुकीचा होता, कारण चार महिन्यांची अडकलेली वाढ 360 रुपयांहून नक्कीच महाग पडली.

याच काळात मी आणखी एक गोष्ट केली, जिने माझे मत बरेच हलवले. मैत्रिणीकडे प्रवासाचे सामान मोजायचा हुकाचा काटा होता. तो आधी किराणा दुकानातल्या वैधमापन विभागाचा शिक्का असलेल्या पाच किलोच्या वजनाला लावून तपासला आणि मग व्यायामशाळेतल्या दहा किलोच्या सहा चकत्या एकेक करून मोजल्या. सर्वांत हलकी 9.3 किलोची भरली आणि सर्वांत जड 10.4 किलोची. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमांप्रमाणे दहा किलोच्या चकतीत 25 ग्रॅमपर्यंतचीच तफावत चालते, इथे दोन चकत्यांमध्ये एक किलो शंभर ग्रॅमचे अंतर होते. दिवाळीच्या सुट्टीत जुन्या महाविद्यालयात गेले तेव्हा तिथला सात फुटी रॉडही टांगून पाहिला. तो 20 किलोचा आहे असे धरून मी तीन वर्षे वही भरली होती, प्रत्यक्षात तो 16.4 किलोचा निघाला. त्या संध्याकाळी मला खरोखर वाईट वाटले. वहीत पहिल्यांदा 60 लिहिले होते ते पान मी दुमडून ठेवले होते, आणि ते 60 नव्हतेच.

मग प्रश्न असा उरला की मूळ वजनातच किलोची तफावत असेल तर सव्वा किलोसाठी झुरण्यात काय अर्थ आहे? दोन दिवस विचार केल्यावर लक्षात आले की अर्थ आहे. रॉड 16.4 चा असो वा 20 चा, तो रोज तोच असेल आणि चकत्याही रोज त्याच असतील, तर त्यावर वाढवलेले सव्वा-सव्वा किलो ही खरीच वाढ असते. स्पर्धेच्या मंचावर अचूक वजन लागते, पण रोजच्या प्रगतीला तेच ते वजन पुरते. जुन्या महाविद्यालयात तीन वर्षांत माझी ताकद वाढली ती याच कारणाने, आणि त्या व्यायामशाळेबद्दलचे माझे मत त्या दिवशी पार बदलले. विद्यापीठात परतल्यावर मी व्यायामशाळेच्या मामांना विचारून पांढऱ्या ऑइलपेंटने सारख्या वजनाच्या जोड्यांवर एक, दोन, तीन ठिपके काढले. आता दोन ठिपक्यांच्या चकत्या दोन्ही बाजूंना लावल्या की बार एका अंगाला कलत नाही. हे काम कोणीही एका तासात करू शकतो.

चकत्यांचा शोध मात्र एका मोडतोडीतून लागला. जानेवारीत 20 किलोच्या एका बारची फिरती स्लीव्ह (चकत्या अडकवायची टोकाची नळी) निसटली. काही जण बारचे एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात खुपसून दुसऱ्या टोकाला वजन लावून रोइंग (वजन अंगाकडे ओढण्याचा व्यायाम) करतात, त्यात स्लीव्हला धरून ठेवणारी सर्क्लिप वाकते, तशी ती वाकली होती. मामांनी पक्कड काढायला कोपऱ्यातले लोखंडी कपाट उघडले, तेव्हा खालच्या खणात तपकिरी कागदात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली चार पुडकी दिसली. एका पुडक्याचा कागद फाटला होता आणि आत काळ्या चकतीची कड दिसत होती. वर आकडा होता 1.25. मी काही बोलण्याआधीच मामा म्हणाले, "ताई, मागच्या दोन गेल्या, त्या माझ्या नावावर आहेत."

त्या वाक्यात सगळे आले होते. या चकत्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंदवलेल्या असतात आणि वस्तू हरवली तर ज्याच्या ताब्यात ती होती त्याला जाब द्यावा लागतो. वीस किलोची चकती कोणी दप्तरात घालून नेत नाही, पण सव्वा किलोची सहज जाते. म्हणून मामांनी ती कपाटात ठेवली आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. चार महिने ज्यांच्यावर मी मनातून चिडले होते, ते स्वतःची नोकरी सांभाळत होते. आता आमच्यात असे ठरले आहे की ओळखपत्र त्यांच्या टेबलावर ठेवायचे, वहीत सही करायची, चकत्या घ्यायच्या आणि परत करताना ओळखपत्र उचलायचे. पहिल्या आठवड्यात त्या वहीत माझ्या एकटीच्या सह्या होत्या, आता पानभर होतात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलींच्या आहेत. बार अजून दुरुस्त व्हायचा आहे.

निवड करायची झाली तर विद्यापीठाची मुख्य व्यायामशाळा घ्यावी, रॅकसाठी आणि 15 किलोच्या बारसाठी. महाविद्यालयाच्या जुन्या खोलीला तुच्छ लेखू नये, तिथे दोन वर्षांचा उत्तम पाया तयार होतो. नव्या चकचकीत जिमला प्रवेश घेण्याआधी मोकळा रॅक आहे का आणि डेडलिफ्ट करू देतात का, हे दोन प्रश्न विचारावेत. आणि पहिल्याच दिवशी कपाट कोणाच्या ताब्यात आहे, त्यात काय आहे, हे नम्रपणे विचारून घ्यावे. माझा प्रेस सोमवारी पुन्हा आहे, 32.5 चे पाच सेट (फेऱ्या) झाले की महिनाअखेरीस 35 लावून पाहणार आहे.