सिमेंटचा पत्रा: रंगवून ठेवावा की उतरवावा?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या जुन्या शेडवर आणि कित्येक घरांच्या पडवीवर अजून सिमेंटचे पत्रे आहेत. बहुतेकांत ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असतं. त्याचे तंतू श्वासातून आत गेले की फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग होऊ शकतो, तोही साधारण 20 ते 50 वर्षांनी. सिगारेट न ओढणाऱ्यालाही तो होतो.

पत्रा धड असेल तर तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. अशा वेळी ठेवणं स्वस्त आणि बरंचसं सुरक्षितही. वरून रंगाचा थर द्यावा, पण आधी तारेच्या ब्रशने घासू नये, भोक पाडू नये, पत्र्यावर चढू नये. तो पायाखाली फुटतो, माणूस थेट खाली.

गारपिटीने तडे गेले असतील, कडा भुसभुशीत झाल्या असतील, तर मात्र उतरवाच. खरा धोका या कामातच आहे. हातोड्याने फोडून खाली टाकणारा ठेकेदार नको, कितीही स्वस्त असो. पत्रा ओला करायचा, बोल्ट सोडवून अख्खा उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काही कामाचा नाही. झाडू तर मारूच नका, ओल्या फडक्याने पुसा. तुकडे भरावाला वापरू नयेत.

नवा लोखंडी पत्रा उन्हात तापतो, पावसात बोलणं ऐकू येत नाही. तरी छत फुटकं असेल तर मी तोच घेईन, आणि काम पावसाळ्याआधी उरकेन.