बँकॉकचा मसाज की इस्तंबूलचा हमाम?

रोज डोंबिवली ते सीएसएमटी उभ्याने प्रवास करून खांदे दगड झाले असतील, तर माझं मत सरळ बँकॉकला. थाई मसाजला तेल नसतं, कपडेही उतरवायचे नसतात. ते सैल सुती पायजमा-सदरा देतात आणि जमिनीवरच्या गादीवर झोपवतात. मग अंगठे, कोपर, गुडघे, सगळ्यांचा मारा! माझ्या वाट्याला आलेल्या मावशी जेमतेम पाच फुटी, पण पाठीवर गुडघा रोवून दोन्ही हात मागे ओढले तेव्हा 'आई गं' निघालंच. दुखलं तर लगेच सांगावं, मराठी भिडस्तपणा तिथे महागात पडतो. वाट फो मंदिराच्या आवारातच या विद्येची शाळा आहे, तिथे मसाज करूनही मिळतो. २०१९मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत 'नुआद थाई', म्हणजे हाच थाई मसाज, आला तो उगाच नाही.

हमाम म्हणजे मसाज कमी, आंघोळ जास्त. कमरेला पंचासारखं पेश्तेमाल गुंडाळून गरम संगमरवरी ओट्यावर पडायचं, घाम फुटला की 'केसे' नावाच्या खरखरीत हातमोज्याने अंग घासतात. मळाच्या अक्षरशः वळ्या निघतात, लाजच वाटते. नंतर साबणाचा ढीगभर फेस. दिवाळीचं उटणं आठवलं, फक्त चोळणारी आई नव्हती, मिशाळ काका होते. १५८४चं चेंबरलिताश हमाम अजून चालू आहे. पण खांदे? होते तसेच.

टीप मात्र दोन्हीकडे द्यावी लागते, सुटे पैसे जवळ ठेवा.