होडी मागे ओढावी की टांगावी?

नागपूरच्या धरमपेठेतल्या भाऊंनी मुंबईत मोटर यॉट घेतली. आता प्रश्न, किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी दोराने ओढायची की मागे डेव्हिटवर, म्हणजे होडी उचलून धरणाऱ्या दांड्यांवर, टांगायची?

ओढणं स्वस्त, पण जीव मागे अडकलेला. नायलॉनचा दोर ताणला जाऊन हिसके पचवतो, मात्र पाण्यात बुडतो. यॉट रिव्हर्स घेताना पाण्याखालच्या पंख्यात गुंतला की आटोपलंच. पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो, पण उन्हाने लवकर कमजोर होतो. बंदरात शिरताना दोर आखूड करायलाच हवा. हवा भरलेली हलकी होडी वाऱ्यात उलटते, म्हणून तिचं इंजिन आधी काढून ठेवा.

डेव्हिट महाग, वजन सगळं मागे. टांगलेल्या होडीचं पाणी काढायचं बूच मात्र उघडंच हवं, नाहीतर पाणी साचून भार वाढतो.

शांत हवेत मांडव्यापर्यंत जायचं तर ओढा. गोव्याकडे लांब किंवा रात्रीचं निघायचं तर भाऊ, टांगाच.