७० मिलिमीटरची दुर्बीण, नाशिकची गच्ची आणि अकरा महिन्यांचा चंद्र

गेल्या वर्षी जुलैत, म्हणजे नाशिकमध्ये आकाश दिसण्याची शक्यता सर्वांत कमी असताना, मी दुर्बीण विकत घेतली. सवलत होती, एवढंच कारण. ७० मिलिमीटरचं भिंग, ७०० मिलिमीटर नाभीय अंतर, सोबत २० आणि १० मिलिमीटरचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), तीनपट वाढवणारं एक बार्लो भिंग आणि ॲल्युमिनियमची तिपाई. किंमत साडेसहा हजार. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण याच मापाच्या दुर्बिणी वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात आणि अनुभव साधारण सारखाच येणार.

खोक्यावर छापलेल्या ‘६७५ पट’वर आधी बोलतो, कारण बहुतेक लोक त्यालाच भुलतात. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जेवढा, त्याच्या साधारण दुप्पट पट हीच उपयोगी मर्यादा. म्हणजे इथे १४०. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण पातळ ताकासारखं. बार्लो मी दोनदा लावलं आणि खोक्यात परत ठेवलं. सगळं काम २०च्या आयपीसवर (३५ पट) आणि १०च्या आयपीसवर (७० पट) चालतं.

तिपाई भिकार आहे. बोट लावलं की चंद्र चार-पाच सेकंद डोलत राहतो. मधल्या ताटलीला पाच किलो तांदळाची पिशवी टांगल्यावर निम्मा त्रास गेला. उंची पक्की करायचा स्क्रू पहिल्याच महिन्यात वाकडा झाला. विकणाऱ्याने ‘ग्राहकाच्या हाताळणीमुळे’ असं कळवून विषय संपवला. शेवटी शालिमारला एका हार्डवेअरच्या दुकानातून बोल्ट आणून बसवला, तो अजून टिकून आहे.

मग अकरा महिने वापरली कशासाठी? शनीची कडी या दुर्बिणीतून ज्वारीच्या दाण्याएवढी दिसतात, गुरूचे चार चंद्र टिंबांसारखे. दोन्ही बघून झालं की पुढे काय, हा प्रश्न पडतोच. शहराच्या उजेडात आकाशगंगेचं नावच काढू नका. उरला चंद्र. दिव्यांची त्याला पर्वा नाही, गंगापूर रोडच्या सगळ्या होर्डिंगांना तो पुरून उरतो. तेव्हा ठरवलं की वर्षभर फक्त चंद्रच बघायचा. दर खेपेला त्याच आयपीसवर, मोबाइल त्याच पकडीत, झूम तेवढाच ठेवून एक फोटो काढायचा आणि बिंबाची रुंदी पिक्सेलमध्ये मोजून वहीत लिहायची.

पहिला धडा पौर्णिमेला मिळाला. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीसाठी सर्वांत वाईट. ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, सगळं पांढरंफटक आणि डोळा दिपतो. टायको विवरापासून फुटलेले पांढरे पट्टे तेवढे छान दिसतात. खरी मजा सप्तमी ते दशमीत, उजेड-अंधाराच्या सीमेवर. तिथे ऊन तिरकं असतं आणि प्रत्येक डोंगर स्वतःच्या दसपट लांब सावली टाकून बसलेला असतो. शुद्ध दशमीच्या आसपास कोपर्निकस उजळतो. ९३ किलोमीटर रुंद खड्डा, म्हणजे नाशिकहून निघून शिर्डी गाठेपर्यंत तुम्ही अजून त्याच्या आतच. त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडा ७० पटीला दिसतात. तिपाई स्थिर असेल तर.

आमच्याकडे आई संकष्टी करते. चंद्रोदय किती वाजता, हे ती कॅलेंडरात नाशिकच्या ओळीत बघते. पूर्वी मी म्हणायचो, मोबाइलवर बघ ना. आता मीच आधी कॅलेंडर उघडतो. संकष्टीला पौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झालेले असतात आणि अंधार बरोबर मारे क्रिसियम नावाच्या लंबगोल काळ्या डागाशी येऊन ठेपलेला असतो. कधी त्याचा अर्धा भाग बुडालेला, कधी नुसती पश्चिमेकडची कडा उजळलेली. नैवेद्य दाखवायच्या आधी आई आयपीसला डोळा लावते. पहिल्यांदा म्हणाली, “अरे, हा तर उलटा आहे.” बरोबर होतं. काटकोनी आरसा असल्यामुळे या दुर्बिणीत डावं-उजवं बदलतं. खोक्यातल्या माहितीपत्रकात हे कुठेही लिहिलेलं नाही, आणि नकाशाशी ताडून बघताना मी दोन आठवडे गोंधळलो होतो.

वहीतले आकडे हळूहळू बोलायला लागले ते ऑक्टोबरपासून. त्याआधी ग्रहण.

७ सप्टेंबर २०२५, भाद्रपद पौर्णिमा, रविवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, ढोल-ताशांनी कान अजून भणभणत होते. आईने दुपारी वेध लागायच्या आत स्वयंपाक आवरला, दुधात तुळशीचं पान टाकलं आणि मला म्हणाली, “तू बघायचं ते बघ, मला वर बोलावू नकोस.” तीच रात्री साडेअकराला शाल घेऊन गच्चीवर आली. स्पर्श ९ वाजून ५७ मिनिटांनी, खग्रास ११ ते १२:२२, मोक्ष दीडच्या सुमारास. ढगांनी छळलं, पण फटी मिळत गेल्या. सावलीची कडा गोल दिसते, ही पुस्तकातली ओळ डोळ्यांनी बघणं वेगळंच. तो कमानीचा तुकडा ज्या वर्तुळाचा, ते चंद्रापेक्षा सुमारे अडीच-पावणेतीन पट मोठं. कागदावर कंपासने वर्तुळ पूर्ण करून पाहिलं, माझं २.५ आलं. पृथ्वीची सावली चंद्रापाशी एवढीच असते.

खग्रासात चंद्र विझत नाही, तांबूस होतो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत किंवा मावळत असतो, तिथल्या हवेतून वाकून गेलेला लाल उजेड चंद्रावर पडतो. दुर्बिणीतून तो रंग सपाट नव्हता. एका बाजूला विटकरी, दुसरीकडे राखाडी झाक. या एका तासासाठी तिपाईचे सगळे गुन्हे माफ केले. फोटो मात्र एकही धड आला नाही, एवढ्या कमी उजेडात मोबाइलला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात चंद्र सरकतो. या तिपाईला मागे मागे नेणारी मोटर नाही. ग्रहणाचे फोटो हवे असतील तर ही घेऊ नका.

शेजारच्या काकूंनी विचारलं, “दर पौर्णिमेला का नाही होत रे ग्रहण?” चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असते, म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. कक्षा जिथे सूर्याच्या मार्गाला छेदते ते दोन बिंदू म्हणजे आपले राहू आणि केतू. त्यांच्याजवळ पौर्णिमा आली की ग्रहण. साधारण सहा चांद्र महिन्यांनी पुन्हा जुळतं. मार्च २०२५ मध्ये १४ तारखेला होतं, पण तेव्हा आपल्याकडे दिवस. मग ७ सप्टेंबर, मग ३ मार्च २०२६.

३ मार्चची फजिती सांगायलाच हवी. फाल्गुन पौर्णिमा, टीव्हीवर सकाळपासून ‘रक्तचंद्र’. खग्रास स्थिती आपल्या वेळेनुसार संध्याकाळी साडेपाचच्या पुढे संपली, आणि नाशिकला चंद्र उगवतो पावणेसातच्या जरा आधी. ग्रहण सुटणार ६:४७ ला. म्हणजे आपल्या वाट्याला जेमतेम पाच-सात मिनिटं, तीही क्षितिजाला टेकलेली. हे सगळं माहीत असून मी दुर्बीण पाठीवर मारून म्हसरूळला चामर लेणीच्या टेकडीवर अर्ध्यापर्यंत चढलो. पूर्वेला धूळच धूळ. सातला पाच कमी असताना एक फिका गुलाबी गोळा दिसला, अख्खा, ग्रहण सुटलेला. दुर्बीण पिशवीतून काढलीसुद्धा नाही.

आता अंतराकडे. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, पण कक्षा लंबगोल. सर्वांत जवळ येतो तेव्हा साडेतीन लाखांच्या थोडं पुढे, सर्वांत दूर जातो तेव्हा चार लाख सहा हजारांच्या आसपास. ‘सुपरमून’ हा शब्द एका ज्योतिषाने, रिचर्ड नोल यांनी १९७९ मध्ये काढला आणि वृत्तवाहिन्यांनी उचलून धरला. डोळ्याला फरक कळत नाही, हे मी छातीठोक सांगतो. कोजागरीला, ६ ऑक्टोबरला, सोसायटीच्या गच्चीवर आटीव दुधाचे पेले घेऊन सगळे म्हणत होते, “आज किती मोठा आहे बघा!” ऑगस्टच्या पौर्णिमेलाही हेच लोक हेच म्हणाले होते.

वही मात्र खोटं बोलत नाही. ५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा. २०२५ मधला सर्वांत जवळचा पूर्ण चंद्र, सुमारे ३,५७,००० किलोमीटर. रामकुंडावर दिवे बघून घरी आलो, साडेनऊला फोटो काढला: १५४० पिक्सेल. त्याआधी उगवताना, इमारतींच्या मागून निघालेला तो परातीएवढा दिसणारा चंद्रही टिपला होता: आडवी रुंदी १५२०. म्हणजे उगवताना जो सगळ्यांना मोठा वाटतो, तो प्रत्यक्षात किंचित लहान! कारण साधं. चंद्र डोक्यावर येतो तेव्हा आपण पृथ्वीच्या गोलाच्या त्याच्याकडच्या बाजूला असतो, उगवताना कडेला. पृथ्वीची त्रिज्या जवळपास ६,४०० किलोमीटर, तेवढ्यानेच हा फरक पडतो. मोठेपण सगळं आपल्या डोक्यात. भाचीला हे पटलं नाही, म्हणाली, “मामा, तुझा मोबाइल बिघडलाय.”

त्याच रात्री बाराला चंद्र जवळपास थेट डोक्यावर होता. मे महिन्यातला शून्य सावलीचा दिवस, सूर्य थेट डोक्यावर येतो तो, नाशिककरांना ठाऊक आहे, तसंच, फक्त चांदण्यात. आणि तिथेच या दुर्बिणीची सर्वांत मोठी गैरसोय कळली: नळी सरळ वर केली की मागचं टोक तिपाईच्या पायाला आपटतं. डोक्यावरचा चंद्र या तिपाईवर बघताच येत नाही. डिसेंबरच्या दत्तजयंतीला तर तो डोक्यावरून उत्तरेकडे सरकून गेला. पौर्णिमेच्या चांदण्यात माझी सावली दक्षिणेला पडलेली मी पहिल्यांदा बघितली.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, वहीनेच दाखवली. कॅलेंडरात कधी एक तिथी दोन दिवस असते, कधी एखादी गायबच होते. मला हे लहानपणापासून पंचांगकर्त्यांचं गणित वाटायचं. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे जायला लागणारा वेळ. जवळ असताना चंद्र जोरात पळतो, दूर असताना रेंगाळतो, म्हणून तिथी कधी १९-२० तासांत आटपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. माझ्या वहीत बिंब मोठं असलेले दिवस आणि कॅलेंडरातल्या आखूड तिथ्या शेजारीशेजारी येत गेल्या. म्हणजे अंतर पंचांगात आधीपासूनच होतं, किलोमीटरऐवजी घटिकांत.

शेवटची नोंद ३१ मे, अधिक ज्येष्ठातली पौर्णिमा. या वर्षातला सर्वांत लहान पूर्ण चंद्र, सुमारे चार लाख सहा हजार किलोमीटर. वळिवाचे ढग, दमट हवा, चंद्र दक्षिणेला खाली खाली चाललेला. अकराच्या पुढे दहा मिनिटं मिळाली: १३५० पिक्सेल. नोव्हेंबरपेक्षा १४ टक्के कमी... नाही, नीट सांगायचं तर नोव्हेंबरचा यापेक्षा १४ टक्के मोठा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तेव्हा आईसुद्धा म्हणाली, “हे दोन वेगळेच चंद्र आहेत.”

या दोन पौर्णिमांमध्ये बरोबर सात चांद्र महिने. चंद्राला जवळच्या बिंदूपासून पुन्हा तिथेच यायला २७.५५ दिवस लागतात, पौर्णिमेपासून पौर्णिमेला २९.५३. दर महिन्याला दोन दिवसांची चुकामूक, सात महिन्यांत उलटं टोक, चौदा महिन्यांत परत जुळणी.

घरच्यांना, पाहुण्यांना दाखवायला घेणार असाल तर एक प्रश्न हमखास येईल: “चांद्रयान दिसतं का?” नाही. ७० मिलिमीटरच्या भिंगाला चंद्रावरचं सुमारे तीन किलोमीटरपेक्षा बारीक काही वेगळं करता येत नाही, आणि विक्रम लँडर आपल्या दिवाणखान्यात मावेल. दुसरं, पावसाळ्यात भिंगावर बुरशी येते. सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा, माझ्या १०च्या आयपीसवर एक ठिपका आलाच. तिसरं, ही दुर्बीण सूर्याकडे वळवू नका. पुढच्या वर्षी २ ऑगस्टला, सिंहस्थातल्या पहिल्या अमृतस्नानाच्या सोमवती अमावस्येला, दुपारनंतर खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल आणि गच्चीगच्चीवर दुर्बिणी निघतील. पुढच्या टोकाला योग्य फिल्टर नसेल तर डोळा जातो.

पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण तिपाईने खाल्ला. पुढचं मोठं बिंब २४ डिसेंबरच्या पहाटे, ते १५४० च्या आसपास यायला हवं. घरातून दिसणारं पुढचं खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री. तोवर मोबाइलची पकड हलू नये म्हणून तिच्या स्क्रूवर बायकोच्या नेलपॉलिशने लाल खूण करून ठेवली आहे.