आयपॉड माझ्या खिशातच होता

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. तीस वर्षं फाउंड्रीत काढलीत. कास्टिंग कुठं खराब निघणार ते पॅटर्न बघून सांगतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत माझ्या सहीशिवाय माल गेटाबाहेर जात नाही. आणि मला पंचवीस-सव्वीस वर्षांच्या एका पोरानं गाडीत गाणी लावून देतो म्हणून १८,८५० रुपयांना गंडवलं. घरात अजून सगळ्यांना पूर्ण आकडा माहीत नाही. बायकोला माहीत आहे, ती तेवढंच बोलते हल्ली.

"फोन जोडा की ब्लूटूथनं" हे आत्तापर्यंत चाळीस लोकांनी ऐकवलंय, तुम्ही नका ऐकवू. माझ्या जुन्या गाडीच्या कंपनी सेटला ब्लूटूथ नव्हतं, रेडिओ आणि सीडी एवढंच. आणि माझी गाणी फोनमध्ये नाहीत. मेहुण्यानं २०११ साली दुबईहून आणलेला आयपॉड क्लासिक, म्हणजे ॲपलचा गाणी साठवून वाजवायचा प्लेअर, आहे माझ्याकडं, १६० जीबीचा. ॲपलनं तो २०१४ मध्ये बंद केला, माझा अजून चालतो. त्यात आईच्या भजनी मंडळाच्या नऊ कॅसेटी मी स्वतः बसून उतरवल्यात. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाताना त्या गाडीत वाजाव्यात, एवढीच हौस.

पहिले १,२०० एफएम ट्रान्समीटरवर गेले. सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचा, रेडिओवर मोकळी जागा शोधायची, तिथं आपली गाणी येतात. येतात म्हणजे, मध्येच ९४.३ वाला टोमॅटो एफएम येऊन भजनात जाहिरात करतो. चूक त्यांची नाही, मीच जागा अगदी खेटून निवडली होती. लांबची निवडली तर पन्हाळ्याच्या चढाला नुसती खरखर. याला मी फसवणूक म्हणत नाही, वस्तूच तशी. पण त्या खरखरीला वैतागूनच मी त्या दुकानात गेलो.

दुकानाचं नाव लिहित नाही. भाच्यानं बजावलंय, उलट नोटीस येईल. उद्यमनगरच्या बाजूला आहे एवढं समजा. बाहेर सीट कव्हर टांगलेली, आत साऊंडचा दणदणाट, काउंटरवर जोतिबाचा फोटो. पोरगा गोड बोलणारा. "काका, ह्याला आयपॉड इंटरफेस मॉड्यूल टाकावं लागतंय. ४,८५० पडतील. दोन तासांत देतो, च्या घ्या, बसा निवांत." मॉड्यूल म्हणजे आयपॉड गाडीच्या सेटला जोडून देणारा डबा. ३,००० आधी फोनवरून पाठवायला लावले. क्यूआर दुकानाच्या नावाचा नव्हता, कुठल्या तरी बाईच्या नावाचा निघाला. "आमच्या वहिनी हायत," म्हणाला. इथं एक सांगून ठेवतो, दुकानाचं नाव आणि क्यूआरवरचं नाव जुळत नसेल तर गाडीची किल्ली उचला आणि चालू लागा. मी मात्र वहिनींना पैसे पाठवले.

त्यानं बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली, डॅशबोर्ड खोलला, सेट बाहेर ओढला. बायको गाडीत होती, ती म्हणाली, "अहो, ह्यो वायर जोडतोय की इंजिन उतरवतोय?" मी तिला गप्प केलं. चहा पिऊन परत आलो तर सेटच्या काचेवर चार अक्षरं, इंग्रजीत कोड. बटणं दाबून काही होईना.

आता ही जागा बघा. रोज रात्री मी इथंच येऊन अडकतो. तो म्हणाला, "काका, जुना सेट हाय. आयपॉडचा करंट बसला की हे सेट लॉक होत्यात." आणि आयपॉड माझ्या शर्टाच्या खिशात होता. सकाळपासून होता! त्याच्या हातात मी तो दिलाच नव्हता. छातीला लागत होता, बोटांनी चाचपलासुद्धा. वाक्य कानात शिरलं, आयपॉड हाताला लागला, आणि मी काय म्हटलं? "असं होय." त्या क्षणी "अरे, आयपॉड तर माझ्याकडं आहे" एवढंच तोंडातून गेलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण आजूबाजूला तीन-चार गिऱ्हाईकं उभी, त्यातला एक आमच्याच फाउंड्रीतला. या वयात इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही असं दिसू नये, म्हणून मान डोलावली. वेगळं कारण नाही.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. सेट अनलॉक करायला पुण्याला पाठवायचा, ६,५०० आणि पंधरा दिवस, गॅरंटी नाही. नाहीतर नवा अँड्रॉइड सेट, १३,५००, त्यातून जुन्याचे १,५०० वजा. बसवायचे ८००. मॉड्यूलचे ४,८५० आधीच "बुक झालेत", ते परत नाहीत. मॉड्यूल कुठाय विचारलं तर "आत बसलंय की काका." ट्रान्समीटर धरून १८,८५०. मोजून बघा, मी पन्नास वेळा मोजलेत.

नव्या सेटच्या स्क्रीनवर ६ जीबी रॅम लिहिलेलं. तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये खोटा भरता येतो, हे भाच्यानं नंतर दाखवलं. यूएसबीनं आयपॉड जोडला तर गाणी दिसली, पण सगळ्यांची नावं चार-चार इंग्रजी अक्षरांची, काही अर्थ न लागणारी. आयपॉड आत गाणी तशाच नावांनी ठेवतो आणि खरी नावं त्याच्या वेगळ्या यादीत असतात. ती यादी या सेटला वाचता येत नाही. म्हणजे मॉड्यूल कसलं आलंय! शेवटी मागून एक साधी ऑक्स वायर, हेडफोनच्या भोकातून सेटला आवाज नेणारी, काढून दिली. चार्जिंग लावलं की इंजिनाच्या वेगाबरोबर कुंई कुंई आवाज चढतो. आईच्या अभंगाला डासाची साथ.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी चालूच होईना. जंप स्टार्टचे ४०० वेगळे, ते वरच्या आकड्यात नाहीत. सेटची पिवळी वायर कायम करंटची असते, लाल किल्ली फिरवल्यावरची. या पठ्ठ्यानं दोन्ही एकत्र पिळून वर टेप मारला होता. रात्रभर सेट बॅटरी पीत बसायचा. कुणीही सेट बदलून दिला की किल्ली काढून बघा, सेट बंद पडतो का. आणि वायर कापू देऊ नका, कपलर मागा, म्हणजे वायर न कापता जोडायचा प्लग. आपल्या गाडीला बसणारं कपलर बाजारात मिळतं.

तीन आठवड्यांनी गाडी सर्व्हिसिंगला टाकली. तिथल्या पोरानं सगळं ऐकून घेतलं, काही न बोलता ग्लोव्ह बॉक्स उघडला आणि मागच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. काळं रबरी झाकण. त्याखाली ऑक्सचं भोक. साडेतीन मिलिमीटरचं. आयपॉडच्या हेडफोनच्या भोकातून १५० रुपयांची वायर इथं लावली असती की झालं. गाडी माझ्याकडं सात वर्षं आहे. त्या बॉक्समध्ये मी पीयूसी ठेवतो, गोळ्या ठेवतो, जोतिबाचा गुलाल ठेवतो.

आणि कोड? चोरीला गेलेला सेट दुसऱ्या गाडीत चालू नये म्हणून काही गाड्यांत ती सोय असते. बॅटरी काढून जोडली की सेट चार आकडे मागतो. आकडे पुस्तिकेच्या पाकिटात छोट्या कार्डावर असतात. नसतील तर गाडीची कागदपत्रं घेऊन डीलरकडं जायचं. माझं कार्ड पाकिटातच होतं, इन्शुरन्सच्या मागं. आता सेट नाही, म्हणून ते भोकही मुकं.

मग मी निघालो न्याय मागायला. पोलीस ठाण्यात अडीच तास बाकावर. हवालदारांनी विचारलं, "मोबाईल हरवलाय का?" म्हटलं, नाही, आयपॉड. "मग आयएमईआय नंबर सांगा." म्हटलं, त्याला तो नसतो, आणि तो हरवलेला नाही, हा बघा. "मग तक्रार कसली?" दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा साहेब भेटले, माझ्याकडची चिठ्ठी बघितली आणि म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत, वस्तू घेतलीय, हा दिवाणी मामला." अर्ज घ्या आणि पोच द्या म्हटलं तर शिक्का मारणारे जेवायला गेलेले. सव्वाचार वाजता! बँकेत गेलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलाय ना काका? टाकलाय. मग फ्रॉड नाही. दुकानदार म्हणतो, वहिनी माहेरी गेल्यात. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अठरा दिवसांनी मेसेज आला की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कुणी काढली, कशी काढली, निकाल काय, पत्ता नाही. मला एक फोन नाही. मी निकाली निघालो एवढंच कळलं.

ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडं जाता येतं, पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. मग त्यांनी बिल मागितलं. माझ्याकडं वहीच्या पानावरची चिठ्ठी, ना जीएसटी नंबर, ना दुकानाचं नाव. त्यावर त्याच्या अक्षरात "जुना सेट एक्सचेंज १५००" आणि खाली माझी सही. गेटाबाहेर माल सोडणारी तीच सही. छापील बिल मिळेपर्यंत किल्ली घेऊ नका, पैसे तर नकोच. काढलेला जुना भाग पिशवीत घालून घरी आणा, भंगार असला तरी.

परवा भाच्यानं जुन्या वस्तूंच्या ॲपवर एक जाहिरात दाखवली. माझाच सेट. डाव्या बटणाखाली नातवानं चिकटवलेला वाघाचा स्टिकर अर्धा निघालेला, तसाच. किंमत ५,५००. खाली लिहिलंय, "कंडिशन एक नंबर, फक्त कोड टाकावा लागेल."

फोन केला. तोच गोड आवाज. ओळखलं नाही त्यानं. म्हटलं, कोड आहे का? म्हणाला, "तेवढं तुम्ही बघा की काका, म्हणून तर स्वस्तात देतोय."

कार्ड माझ्या खिशात आहे. मी १,५०० सांगितलेत. उद्या परत फोन करतो म्हणालाय.