कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा: पैसे परत मागायचे तर कुणाकडे जायचं?

ताईच्या घरकर्जाचं मंजुरीपत्र 30 लाखांचं होतं. पहिलं स्टेटमेंट आलं तेव्हा त्यावर कर्जाची रक्कम होती 31,20,000. वरचे एक लाख वीस हजार कसले, हे विचारायला ती शाखेत गेली, तेव्हा कळलं की तो कर्जाच्या विम्याचा एकरकमी प्रीमियम आहे आणि तिने त्यावर सही केलेली आहे. सही तिचीच होती. फुल्या मारलेल्या चाळीस जागांपैकी ती एक.

हे एक लाख वीस हजार खिशातून गेले नाहीत म्हणून अनेकांना ते जाणवतही नाहीत. पण ते कर्जात मिसळले जातात आणि कर्जाबरोबर त्यांनाही व्याज लागतं. 9 टक्के दर आणि 20 वर्षांची मुदत धरली, तर एवढ्या रकमेचा महिन्याचा हप्ता 1,080 रुपयांच्या आसपास येतो. 240 हप्त्यांत तुम्ही दोन लाख एकोणसाठ हजार फेडता. त्यामुळे परत मागायचं तर लवकर मागावं, आणि कुणाकडे जायचं ते नीट ठरवून मागावं. कारण एका ठिकाणी आधी गेलात तर दुसरीकडची वाट बंद होते.

आधी ठरवा: विमा नको आहे, की फसवणूक नको आहे?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडते, घरच्यांच्या डोक्यावर बोजा राहत नाही. ही सोय वाईट नाही. वाईट आहे ती न सांगता घातलेली, किंवा ‘हे घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही’ म्हणून लादलेली. बँक स्वतःच्या भागीदार कंपनीचाच विमा घ्या अशी सक्ती करू शकत नाही. तारण घराचा विमा मागणं वेगळं, पण तोही अमुकच कंपनीचा हवा असं ती म्हणू शकत नाही.

स्वतंत्र टर्म विम्याशी, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीच्या निव्वळ जीवन विम्याशी, तुलना केली तर बहुतेक तरुण, निरोगी कर्जदारांना टर्मच बरा पडतो. कर्जाच्या विम्याचं संरक्षण सहसा कर्जाबरोबर घटत जातं आणि पैसे आधी बँकेकडे जातात. टर्मची रक्कम तीच राहते, ती नॉमिनीच्या हातात पडते, आणि कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी तिला धक्का लागत नाही. पण मधल्या काळात मधुमेह निघाला असेल, हृदयाचं काही झालं असेल किंवा वय पन्नाशीपुढे गेलं असेल, तर रागाच्या भरात पॉलिसी रद्द करू नका. नवा विमा मिळेलच याची खात्री नसते. अशा माणसाने पॉलिसी ठेवून फक्त विक्रीबद्दल तक्रार करावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

30 दिवसांच्या आत आणि 30 दिवसांनंतर

सगळ्यात सोपा मार्ग फ्री लूकचा, म्हणजे पॉलिसी आल्यावर ती पाहून, नको असेल तर ठरावीक दिवसांत रद्द करण्याचा. एप्रिल 2024 पासूनच्या नियमांत ही मुदत 30 दिवसांची आहे आणि ती पॉलिसी हातात पडल्यापासून मोजतात. कर्जाचा विमा बहुधा समूह पॉलिसीखाली असतो, त्यामुळे तुमच्याकडे येतं ते ‘सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स’. त्यावर ही मुदत आणि रद्द करण्याची रीत छापलेली असते. मुदतीत अर्ज दिला तर फसवणूक झाली हे सिद्ध करावं लागत नाही. तेवढ्या दिवसांचा जोखमीचा प्रीमियम, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी सगळं परत येतं.

ताईचं सर्टिफिकेट ईमेलमध्ये जाहिरातींच्या गर्दीत पडून होतं. आम्हाला ते सापडलं तेव्हा सव्विसावा दिवस होता. त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल केला, दुसऱ्या दिवशी शाखेत पत्र देऊन प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, ‘मॅडम, विमा रद्द केलात तर व्याजदर वाढेल.’ ताई म्हणाली, ‘तेवढं लेखी द्या.’ ते कुणी लिहून दिलं नाही, आणि दरही वाढला नाही.

मुदत उलटली असेल तर दोनच गोष्टी उरतात: सरेंडर (म्हणजे पॉलिसी मध्येच सोडून देणं) किंवा तक्रार. सरेंडरमध्ये भांडण नसतं, पण हातात येणारी रक्कम उरलेल्या मुदतीच्या हिशेबाने आणि बरीच कमी असते. कर्ज मुदतीआधी फेडलं किंवा दुसरीकडे वळवलं असेल तर मात्र हे जरूर मागा. कर्ज संपलं तरी पॉलिसीचे पैसे आपोआप परत येतील असं धरून चालू नका. कितीतरी लोक नो ड्यूज, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, घेऊन घरी जातात आणि उरलेल्या वर्षांच्या प्रीमियमचं नावही काढत नाहीत. पूर्ण पैसे हवे असतील तर तक्रारीला पर्याय नाही.

विमा लोकपाल की रिझर्व्ह बँकेचा लोकपाल?

लोकपाल म्हणजे इथे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. दोन्हीकडे फी नाही, वकील लागत नाही, आणि दोन्हीकडे आधी संबंधित संस्थेकडे लेखी तक्रार करून सुमारे महिनाभर थांबावं लागतं. फरक आहे तो चूक कोणाची यात.

पॉलिसीबद्दल खोटं सांगितलं, अर्जात न मागितलेलं काही दिलं, फ्री लूकचा अर्ज नाकारला, ही कामं विमा लोकपालाची. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, तक्रार ऑनलाइनही देता येते. 50 लाखांपर्यंतचे दावे ते घेतात. कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिला तो 30 दिवसांत पाळावा लागतो. तुम्हाला मान्य नसेल तर तुम्ही पुढे जाऊ शकता. माझ्या मते ज्याच्याकडे कागद बरे आहेत त्याने पहिली पसंती यालाच द्यावी.

विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आणि 155255 हा क्रमांक यांना लोक न्यायालय समजतात. तसं नाही. तिथून तक्रार कंपनीकडे पोचते आणि तिच्यावर नजर राहते, निवाडा होत नाही. पण तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि पुढे तो उपयोगी पडतो, म्हणून करून ठेवा.

बँकेने किंवा वित्तसंस्थेने न विचारता रक्कम कर्जात घातली, विम्याशिवाय फाईल हलवली नाही, क्रेडिट कार्डावर दर महिन्याला विम्याचे पैसे कापत राहिली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर करता येते, माहितीसाठी 14448. इथे तुमच्या हातात एक चांगला कागद आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जासाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाचा दर आणि सगळे आकार एका जागी सांगणारा कागद, बँकेला द्यावा लागतो. विम्याचे पैसे बँक तुमच्याकडून वसूल करत असेल तर तेही त्यात दाखवून वार्षिक खर्चाच्या दरात धरायचे असतात. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तो कागद काढा आणि विम्याची ओळ शोधा. ओळ नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. ओळ असेल आणि खाली तुमची सही असेल, तर ‘मला सांगितलंच नाही’ हे म्हणणं लंगडं पडतं, मग सक्तीचा पुरावा लागतो: व्हॉट्सॲपवरचा निरोप, ईमेल, कॉलची नोंद.

कॉलवरून आठवलं. पॉलिसी देताना कंपनीचा पडताळणीचा फोन येतो आणि शाखेतला माणूस आधीच सांगून ठेवतो, ‘फक्त हो म्हणा, नाहीतर फाईल अडकेल.’ तक्रार झाली की कंपनी ते ‘हो’ पुढे करते. म्हणून पहिल्याच पत्रात त्या रेकॉर्डिंगची आणि अर्जाच्या प्रतीची मागणी करा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर मात्र रिझर्व्ह बँकेचा लोकपाल कामाचा नाही. पतसंस्था सहकार कायद्याखाली येतात, त्यामुळे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सहकार निबंधक कार्यालयात तक्रार द्यायची, नाहीतर थेट ग्राहक आयोगात.

लोकपाल की ग्राहक आयोग?

ग्राहक आयोगात जास्त मिळू शकतं. परताव्याबरोबर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. बँक आणि विमा कंपनी दोघांनाही एकाच तक्रारीत उभं करता येतं, आणि ‘चूक त्यांची’ म्हणून एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोय राहत नाही. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण वेळ लागतो. कायद्यात महिन्यांची मुदत लिहिलेली असली तरी तारखा पडत राहतात, आणि समोर कंपनीचा वकील असतो.

आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: कंपनी आणि बँक, मग लोकपाल, मग आयोग. आयोगासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि लोकपालाकडे गेलेल्या काळात ती थांबत नाही असं धरूनच चाला. दीड वर्ष आधीच उलटून गेलं असेल तर लोकपालाचा टप्पा सोडून सरळ आयोगात जाणं शहाणपणाचं.

स्वतः की एजंट?

स्वतः. ब्रिटनमध्ये कर्ज आणि क्रेडिट कार्डांवर असाच पीपीआय नावाचा विमा लाखो लोकांना खपवला गेला होता. तिथल्या नियामकाने दाव्यांसाठी 29 ऑगस्ट 2019 ही शेवटची तारीख ठेवली आणि बँकांना 38 अब्ज पौंडांच्या घरात परतावा द्यावा लागला. त्यातले बरेच पैसे फुकट भरता येणाऱ्या अर्जासाठी कमिशन घेणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांनी खाल्ले. शेवटी 2018 मध्ये कायद्याने त्यांच्या कमिशनवर 20 टक्क्यांची मर्यादा आणावी लागली. आपल्याकडे अशी सामूहिक परताव्याची मोहीम नाही, ज्याने त्याने आपापलं मागायचं आहे. आणि ‘नियामकाच्या ऑफिसातून बोलतोय, तुमचा प्रीमियम सुटलाय, आधी थोडी रक्कम भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. विमा नियामक असे फोन करत नाही.

एक गोष्ट ताईच्या बाबतीत आमच्या उशिरा लक्षात आली. परतावा आला तो तिच्या बचत खात्यात, हजारभर रुपये कापून. कर्ज मात्र 31,20,000 वरूनच मोजलं जात होतं. पैसे परत आले म्हणून प्रश्न मिटला असं समजून आम्ही गप्प बसलो असतो, तर व्याज चालूच राहिलं असतं. तिने सगळी रक्कम मुद्दलात भरली. घरकर्ज फ्लोटिंग दराचं होतं, त्यामुळे त्यावर दंड लागला नाही. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा असा अर्ज दिला, आणि पुढच्या महिन्यात 28,072 ऐवजी 27 हजारांच्या आसपास कापले गेले.