रुपयातला विमा गेला. आता पैसे भरून नेमकं काय मिळतं?

खरीप २०२५ पासून महाराष्ट्रात पीक विम्याला पुन्हा खिशात हात घालावा लागतो. २०२३ मध्ये आलेली एक रुपयाची सोय बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मूळ दरांवर आला: खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या (पीक पूर्ण गेलं तर मिळू शकणाऱ्या कमाल रकमेच्या) २ टक्के, रब्बीला दीड टक्का, कापूस आणि कांदा यांसारख्या नगदी पिकांना ५ टक्के. पारावर आणि टीव्हीवर चर्चा झाली ती या पैशांची. सोयाबीनची संरक्षित रक्कम हेक्टरी ५६,००० धरली, तर हप्ता १,१२० रुपये, म्हणजे एकरी साडेचारशेच्या आसपास. एका फवारणीच्या खर्चात बसणारी रक्कम आहे. तक्रार करायचीच तर ती हप्त्याबद्दल नको, त्या हप्त्यात आता काय मिळतं याबद्दल करावी.

पूर्वी भरपाईला पाच वाटा होत्या. पावसाअभावी पेरणीच झाली नाही तर एक, हंगामाच्या मध्ये मोठा खंड किंवा पूर आला तर २५ टक्के अग्रीम, गारपीट किंवा ढगफुटीसारख्या स्थानिक आपत्तीत वैयक्तिक पंचनामा, कापून शेतात पसरलेलं पीक भिजलं तर काढणीपश्चात नुकसान, आणि शेवटी पीक कापणी प्रयोगावर आधारित भरपाई. पहिल्या चार राज्याने काढून टाकल्या. उरली शेवटची. म्हणजे आता विमा तुमच्या शेताचा नाही, तुमच्या महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचा आहे. हे एक वाक्य नीट समजलं की विमा घ्यायचा की नाही हा प्रश्न निम्मा सुटतो.

हिशेब असा लागतो. समजा मंडळाचं गेल्या सात वर्षांचं सोयाबीनचं सरासरी उत्पादन हेक्टरी किलोत १४००, ९००, १५००, ११००, १६००, ७०० आणि १३०० आहे. यातली चांगली पाच वर्षं घ्यायची: बेरीज ६,९००, सरासरी १,३८०. राज्यात जोखीमस्तर, म्हणजे सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत विम्याची हमी तो, ७० टक्के आहे, म्हणून उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेल्यावरच भरपाई सुरू होते तो आकडा, ९६६ किलो. यंदा मंडळाचं उत्पादन ७८० किलो आलं, तर तूट १८६ किलो. १८६ भागिले ९६६, गुणिले ५६,००० केलं की हेक्टरी साधारण १०,७८० रुपये येतात.

आता हाच हिशेब उलट्या बाजूने बघा. सरासरी १,३८० किलोवरून उत्पादन ९६६ पर्यंत घसरलं तरी हातात शून्य. एकरी साडेपाच क्विंटलचं सोयाबीन चारवर आलं तर विम्याच्या लेखी काही बिघडलेलंच नाही. दुसरी गोम सात वर्षांच्या गणितात आहे. सातात दोन वर्षं वाईट गेली तर ती आपोआप गळतात. तिसरं वाईट वर्ष मात्र सरासरीत शिरतं. वरच्या यादीतले ११०० जाऊन तिथे ८०० आले तर उंबरठा ९३८ वर येतो; १३०० च्या जागी ८५० आले की तो ८७५ होतो. हवामान जसजसं बिघडत जाईल तसतसा विम्याचा उंबरठाच खाली सरकत जाईल, अशी ही रचना आहे. हवामानाची झळ सोसायला म्हणून आणलेल्या योजनेत हा दोष किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. जोखीमस्तर ८० टक्के केला तर याच उदाहरणात उंबरठा १,१०४ होतो. केंद्राच्या नियमांत ७०, ८० आणि ९० असे तिन्ही पर्याय आहेत. वरचा स्तर घेतला की विमा हप्ता वाढतो आणि शेतकऱ्याच्या २ टक्क्यांवरचा सगळा बोजा सरकारांवर येतो, म्हणून ७० वर अडलंय.

एवढं सगळं ज्या आकड्यावर उभं आहे तो आकडा येतो कुठून, हे एकदा बांधावर उभं राहून बघण्यासारखं आहे. मंडळात एका पिकाचे किमान १० प्रयोग होतात. गाव आणि गट नंबर आधीच यादृच्छिक पद्धतीने निवडलेले असतात. शेतात दोन यादृच्छिक आकड्यांनुसार पावलं मोजून प्लॉटचा कोपरा ठरवतात, टेप आणि दोरीने चौकोन आखतात, त्यातलं पीक कापून, झोडपून, उफणून वजन करतात. ओलावा जास्त असेल तर माल वाळवून पुन्हा वजन घ्यायचं असतं. प्लॉट १० बाय ५ मीटरचा असेल तर ५० चौरस मीटरचं वजन २०० ने गुणलं की हेक्टरी उत्पादन निघतं. म्हणजे ताडपत्रीवर पाव किलो दाणा इकडेतिकडे झाला तर हेक्टरी ५० किलोचा फरक. तोच मंडळातल्या दहाही प्रयोगांत एका बाजूला झुकला तर वरच्या उदाहरणात एका हेक्टरामागे जवळपास २,९०० रुपये कमी-जास्त होतात. प्लॉटच्या कडेची झाडं आत धरायची की बाहेर, बुंधा दोरीच्या आत की बाहेर, फुटलेल्या शेंगांचे खाली पडलेले दाणे वेचले का, काटा शून्यावर आणला का. भांडणं होतात ती इथेच, आणि व्हायलाही हवीत.

प्रयोगाला कृषी सहायक, तलाठी किंवा ग्रामसेवक असतो. (तिघांचीही पदनामं सरकारने बदलली, गावात कोणी ती वापरत नाही.) कंपनीचा प्रतिनिधी हजर राहू शकतो, आणि तो राहतो. शेतकऱ्यांच्या बाजूने मात्र बहुतेक वेळा ज्याचं शेत आहे तोच एकटा उभा असतो, कारण बाकीच्यांना तारीखच माहीत नसते. तारीख कृषी सहायकाकडे विचारा, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून घ्या, सरपंच आणि दोन जाणती माणसं तिथे उभी करा. फोटो आणि अक्षांश-रेखांश ॲपवर चढतात, पण वजनाचा आकडा फॉर्मवर लिहिला जात असताना त्याचा फोटो तुमच्याही मोबाइलमध्ये असू द्या. पुढे तालुका समितीपुढे वाद गेला तर तोंडी सांगण्याला किंमत नसते.

सोयाबीन, कापूस आणि भात या पिकांत अर्धाच भार या कापणीचा आहे. उरलेला अर्धा उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेल्या अंदाजाचा. मानवी हस्तक्षेप कमी व्हावा हा हेतू चुकीचा नाही. कापणीचे आकडे दोन्ही बाजूंनी वाकवले जातात हे उघड गुपित आहे. पण उपग्रहाला पानांचा हिरवेपणा दिसतो, शेंगेतला दाणा दिसत नाही. फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला आणि शेंगा भरल्या नाहीत, किंवा पिवळ्या मोझॅकने झाड वांझ झालं, तर वरून पीक बऱ्यापैकी उभं दिसतं. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरचे ढग, तुरीच्या आंतरपिकाचे पट्टे आणि दीड-दोन एकरांचे तुकडे. कापणीत ९०० किलो आले आणि उपग्रहाने १,०५० सांगितले, तर सरासरी ९७५, उंबरठा ९६६. नऊ किलोंनी भरपाई गेली. तंत्रज्ञानाचा अंदाज गावनिहाय उघड होत नाही तोवर त्याला ५० टक्के भार देणं घाईचं आहे.

काढून टाकलेल्या चार वाटांचं काय? त्यांत गोंधळ होता, यात शंका नाही. ७२ तासांत तक्रार, तीही ॲपवर किंवा टोल फ्री क्रमांकावर, आणि नेमकी त्याच वेळी वीज आणि रेंज गेलेली. पाहणीला येणारा कंपनीचा मुलगा बांधावरूनच ३० टक्के लिहून जायचा. शासकीय आणि गायरान जमिनींवर विमा उतरवल्याची प्रकरणं निघाली ती वेगळीच. रुपयाच्या अर्जात कोणाचं काही जात नव्हतं. तरीही रोगावर औषध म्हणून अवयवच कापला, असं झालंय. पाऊस आता मंडळभर सारखा पडत नाही. ओढ्याच्या अलीकडे पाणी साचून सोयाबीन कुजतं आणि पलीकडच्या माळावर पीक बरं असतं. जुन्या पद्धतीत अलीकडच्याला स्थानिक आपत्तीची वाट होती. आता दोघांची सरासरी निघते.

दुसरा तोटा वेळेचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली तेव्हा २५ टक्के अग्रीमाच्या अधिसूचना निघाल्या आणि अनेक जिल्ह्यांत त्याच हंगामात काही पैसे आले. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुराने उभं पीक मातीसकट नेलं, तेव्हा विम्यात अशी काही तरतूदच उरली नव्हती. कापणीचे आकडे अंतिम झाल्यावर हिशेब, असं उत्तर होतं. रब्बीची पेरणी तोवर उरकलेली असते, म्हणजे बियाण्याला पैसा सावकाराकडून.

इथे एक घोळ वारंवार होतो, म्हणून स्पष्टच: तलाठ्याने केलेला अतिवृष्टीचा पंचनामा हा सरकारी मदतीसाठी असतो, विम्यासाठी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार आणि रब्बीसाठी वरचे दहा हजार होते; तो पैसा विमा न काढलेल्यालाही लागू. पंचनामा झाला म्हणून विमा मिळेल, किंवा मदत मिळाली म्हणून विमा कापला जाईल, यांपैकी काहीही खरं नाही.

अर्ज भरतानाचे खड्डे जुनेच आहेत, फक्त दोन वाढले: शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी (शेतातल्या पिकाची मोबाइल ॲपवर करायची नोंद), दोन्ही सक्तीचे. विमा सोयाबीनचा आणि ई-पीक पाहणीत नोंद उडदाची, अशी तफावत निघाली तर अर्ज बाद होतो. पाहणी गटात उभं राहूनच करा. घरून केलेली नोंद स्थळ जुळत नाही म्हणून अडकते. चूक झाली तर ४८ तासांत एकदाच दुरुस्ती करता येते. सोयाबीनमध्ये तूर असेल तर दोन्ही पिकांना पूर्ण क्षेत्र लावू नका. ओळींच्या प्रमाणात वाटा, चारास दोन असेल तर दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश. पोटखराबा वजा करा. सामायिक सातबारावर फक्त आपल्या हिश्श्याचं क्षेत्र घाला. बँक खातं आधारला जोडलेलं आहे म्हणजे पैसे येतील असं नाही. थेट लाभासाठी कोणतं खातं सक्रिय आहे ते बँकेतून तपासून घ्या, नाहीतर रक्कम विसरलेल्या जुन्या खात्यात जाऊन बसते. सुविधा केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये कंपनीकडून मिळतात. हप्त्यापेक्षा जास्त मागितले तर द्यायचे नाहीत.

पीक कर्ज असलेल्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. विमा २०२० पासून ऐच्छिक आहे, पण नको असल्यास तसं बँकेला शेवटच्या मुदतीच्या सात दिवस आधी लेखी कळवावं लागतं. नाहीतर हप्ता परस्पर कापला जातो, आणि बऱ्याचदा गेल्या वर्षीच्याच पिकाच्या नावाने.

मग घ्यावा का? कोरडवाहू शेत, जमीन मंडळातल्या बाकीच्यांसारखीच, आणि भीती दुष्काळाची असेल, तर घ्या. दुष्काळ सगळ्यांना सारखा मारतो, मंडळाची सरासरी तुमच्याबरोबरच पडते. नदीकाठची, खोलगट, पाणी धरणारी जमीन असेल तर या विम्यावर विसंबू नका. तिथे तेच एकरी साडेचारशे रुपये चर काढायला आणि रुंद सरी-वरंब्यावर पेरणी करून घ्यायला घातलेले बरे. सरीतून पाणी निघून जातं, बियाणंही कमी लागतं. बागायतदाराचं दुखणं वेगळं: त्याचं पीक पाण्यामुळे वाचतं आणि त्याचं गाव कापणीला लागलं तर सगळ्या मंडळाची सरासरी वर जाते.

राज्याचं म्हणणं असं की विम्यावरचा वाचलेला पैसा शेतीतल्या भांडवली गुंतवणुकीला लावू. त्यासाठी कृषी समृद्धी योजना आली, वर्षाला ५,००० कोटी याप्रमाणे पाच वर्षं. बीबीएफ (रुंद सरी-वरंब्यावर पेरणीची) यंत्रं, वैयक्तिक शेततळी, ड्रोन अशी तिची यादी आहे. दिशा बरोबर आहे. नुकसान झाल्यावर पैसे वाटण्यापेक्षा नुकसान कमी होईल अशी शेती करणं स्वस्त पडतं. पण शेततळं गावातल्या पाच जणांना मिळतं आणि विमा पाचशे जणांचा असतो. ड्रोनच्या जागी मंडळातल्या प्रयोगांची संख्या वाढवली असती आणि पुरासाठी निदान एक अग्रीमाची वाट ठेवली असती, तर सौदा जास्त बरोबरीचा झाला असता.

केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन गोष्टी जाहीर केल्या, खरीप २०२६ पासूनच्या: वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान स्थानिक आपत्तीच्या सदरात, आणि भात पाण्याखाली जाणं पुन्हा त्याच सदरात. रानडुक्कर आणि रोहीने (नीलगाईने) बेजार झालेल्या विदर्भाला आणि खाचरं बुडणाऱ्या कोकणाला याचा उपयोग आहे. मात्र राज्याने जिल्हे अधिसूचित केले तरच ते लागू होतं, आणि तक्रार ७२ तासांत, स्थळाची नोंद असलेल्या फोटोसह ॲपवर. म्हणून हप्ता भरण्याआधी आपल्या जिल्ह्याची अधिसूचना काढून बघा, पीक आणि मंडळ दोन्ही त्यात आहेत का ते तपासा, आणि पावती हातात आल्यावर तिच्यावरचा गट नंबर सातबाराशी ताडून मगच केंद्रातून उठा.